मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बिअरचा यीस्ट स्टार्टर: मापं, पायऱ्या आणि बिघाड

वर्टमध्ये, म्हणजे माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) गोड पाण्यात, यीस्ट पडल्यानंतरच्या पहिल्या बारा-पंधरा तासांवर पुढची बरीचशी चव ठरते. यीस्ट पुरेसं आणि तरतरीत असेल तर ते लगेच कामाला लागतं, पीएच खाली आणतं आणि बाकीच्या जंतूंना जागाच उरत नाही. यीस्ट कमी पडलं की सुरुवात लांबते. थोड्या पेशींना जास्त वेळा विभागावं लागतं, त्यात फ्यूजेल (उग्र चवीचं) अल्कोहोल वाढतं आणि कधी कधी आंबणं मध्येच थांबून बिअर गोड राहते. हे टाळायला एक-दोन लिटर पातळ वर्टमध्ये यीस्ट आधी वाढवून घेतात, तो स्टार्टर. विरजण मेलेलं असेल तर दूध कितीही चांगलं असलं तरी दही लागत नाही, तेच इथेही खरं आहे.

स्टार्टरच्या बहुतेक कृती थंड देशांत लिहिलेल्या आहेत. ‘खोलीच्या तापमानाला ठेवा’ असं त्यांत लिहिलेलं असतं तेव्हा २०-२१ अंश सेल्सिअस गृहीत धरलेले असतात. नांदेड, परभणी, बीड किंवा छत्रपती संभाजीनगरला मे महिन्यात खोलीचं तापमान ३४-३६ अंशांवर असतं. कृती जशीच्या तशी केली तर इथे स्टार्टर बिघडतो तो याच कारणाने. म्हणून खाली प्रत्येक टप्प्यावर तापमानाचा विचार आधी केला आहे.

कायद्याचं स्पष्ट सांगायला हवं. महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर तयार करणं महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली गुन्हा आहे, मग ती घरच्यापुरती का असेना. स्टार्टरमध्येही अल्कोहोल तयार होतंच. तेव्हा ही माहिती परवानाधारक ब्रूपबमध्ये (जागेवरच बिअर बनवणाऱ्या पबमध्ये) चाचणी बॅच घेणाऱ्यांसाठी, रीतसर परवानगीने प्रयोगशाळेत काम करणाऱ्या सूक्ष्मजीवशास्त्र व अन्नतंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी, आणि घरगुती ब्रूइंगला मुभा असलेल्या देशांत राहणाऱ्या मराठी माणसांसाठी आहे.

स्टार्टर लागतो कधी

कोरड्या यीस्टला सहसा लागत नाही. कारखान्यात वाळवण्याआधीच त्या पेशींमध्ये स्टेरॉल आणि राखीव अन्न भरलेलं असतं. स्टार्टरमध्ये टाकून आपण ते उलट खर्च करतो. यीस्ट कमी वाटलं तर ११.५ ग्रॅमचं आणखी एक पाकीट फोडावं, ते स्वस्तही पडतं आणि खात्रीचंही असतं. पाकिटावर भिजवायला सांगितलं असेल तर वजनाच्या दहापट उकळून कोमट केलेल्या पाण्यात, साधारण ३० अंशांना, १५-२० मिनिटं भिजवावं.

द्रवरूप यीस्टचं गणित वेगळं आहे. एका पाकिटात भरताना साधारण १०० अब्ज पेशी असतात आणि फ्रिजमध्ये ठेवूनही दर महिन्याला त्यातल्या सुमारे २० टक्के मरतात. पाकीट मुंबई-पुण्याहून कुरिअरने एप्रिल-मे महिन्यात येत असेल, गाडीत आणि गोदामात दोन दिवस तापत असेल, तर हा हिशेबही धरू नये. अशा पाकिटात निम्म्याच पेशी जिवंत आहेत असं समजून पुढचं माप करावं. मागवतानाच बर्फाची जेल-पॅक आणि थर्माकोलचा डबा मागावा, आणि शक्य असेल तर वर्षभराचं यीस्ट नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मागवून स्वतःचा साठा वाढवून ठेवावा.

हिशेब

एल बिअरसाठी दर मिलिलिटर वर्टला, दर अंश प्लेटोला (वर्टमधल्या साखरेचं टक्क्यांतलं माप) साडेसात लाख पेशी लागतात. लागरला, म्हणजे थंडीत आंबवायच्या बिअरला, याच्या दुप्पट. २० लिटर वर्ट, घनता (पाणी १.००० धरून) १.०५० म्हणजे सुमारे १२.४ प्लेटो, तर २० × १२.४ × ०.७५ = १८६ अब्ज पेशी. लागर असेल तर ३७२ अब्ज.

आता पाकीट दोन महिन्यांचं आहे असं धरू, नीट थंड राहिलेलं. शिल्लक साधारण ६४ अब्ज. कमी पडतात १२२ अब्ज. स्टर प्लेटवर (चुंबकाने द्रव ढवळणाऱ्या पाटीवर) सतत फिरवत ठेवलेल्या स्टार्टरमध्ये माल्ट एक्स्ट्रॅक्टच्या एका ग्रॅममागे अंदाजे १.४ अब्ज नव्या पेशी मिळतात, अधूनमधून हाताने हलवलं तर ०.६ अब्ज, नुसतं ठेवून दिलं तर ०.४ अब्ज. म्हणजे स्टर प्लेट असेल तर ८७ ग्रॅम एक्स्ट्रॅक्ट पुरतं आणि हाताने हलवायचं असेल तर सुमारे २०० ग्रॅम. आकडे अंदाजी आहेत, यीस्टच्या जातीजातीत फरक पडतो, म्हणून थोडं वरचंच माप घ्यावं: पहिल्यासाठी १.२ लिटर, दुसऱ्यासाठी सव्वादोन लिटर.

माल्ट आणि पाणी

माप लक्षात ठेवायला सोपं आहे. तयार स्टार्टरच्या दर लिटरला १०० ग्रॅम कोरडं माल्ट एक्स्ट्रॅक्ट, फिकट रंगाचं, हॉप (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) नसलेलं. घनता १.०३७ च्या आसपास येते. याहून दाट केलं तर जास्त पेशी मिळतील असं वाटतं, पण दाट साखरेचा आणि अल्कोहोलचा ताण पेशींवर येतो, आणि आपल्याला तर ताज्या दमाच्या पेशी हव्या आहेत. १.०४० च्या वर जाऊ नये.

हायड्रोमीटर (घनता मोजायची तरंगती नळी) बहुधा २० अंशांना जुळवलेलं असतं. ३५ अंशांच्या वर्टमध्ये ते सुमारे ०.००४ ने कमी दाखवतं, म्हणजे १.०३३ दिसलं तर खरी घनता १.०३७ आहे. हे माहीत नसल्यामुळे उन्हाळ्यात उगाच जास्त एक्स्ट्रॅक्ट घातलं जातं.

साखर किंवा गूळ वापरू नका. साखरेत यीस्टला लागणारा नायट्रोजन नसतो, आणि साध्या साखरेवर वाढलेल्या पेशी माल्टोज पचवण्याच्या कामात मागे पडतात. मुख्य वर्टमध्ये माल्टोजच जास्त असतं. किराणा दुकानात मिळणारी दुधात घालायची माल्ट पावडरही चालत नाही, तिच्यात दूध, साखर आणि कोको असतो.

एक्स्ट्रॅक्ट मिळत नसेल तर बार्लीचं माल्ट भरडून घ्या. २५० ग्रॅम भरड, सव्वा लिटर पाणी, ६६-६८ अंशांना एक तास, यालाच मॅश म्हणतात. जाड फडक्यातून गाळा, घनता मोजा, जास्त असेल तर पाणी घालून १.०३७ वर आणा. मराठवाड्यात हाताशी ज्वारी असते, त्यामुळे ज्वारीचं माल्ट वापरावं का हा प्रश्न येतोच. एकटी ज्वारी स्टार्टरसाठी घेऊ नये. तिच्या माल्टमध्ये साखर करणारं बीटा-अमायलेज कमी असतं आणि तिचा स्टार्च फुलायला बार्लीपेक्षा जास्त तापमान लागतं, त्यामुळे मॅश अर्धवट राहतो. शिवाय मोड आलेल्या ज्वारीच्या कोंबात आणि मुळ्यांत ढुरिन असतं, त्यापासून सायनाइड तयार होतं. माल्ट केलंच तर वाळवून कोंब-मुळ्या पूर्ण चोळून पाखडून काढल्याशिवाय ते वापरायचं नाही.

पाणी जारचं किंवा आरओचं चालतं, कारण एक्स्ट्रॅक्टमध्ये क्षार आधीच असतात. बोअरचं पाणी आपल्याकडे जड असतं. एक्स्ट्रॅक्टचा स्टार्टर त्यातही होतो, मात्र मॅश करायचा असेल तर बायकार्बोनेटमुळे पीएच चढा राहतो, तेव्हा निम्मं आरओ मिसळावं. टँकरच्या पाण्यात ब्लीचिंग पावडरचा वास येत असेल तर ते उघड्या भांड्यात १५ मिनिटं उकळून मगच एक्स्ट्रॅक्ट घालावं.

पोषक म्हणून बेकरीचं कोरडं यीस्ट, लिटरला पाव चमचा, उकळीच्या सुरुवातीलाच घाला. उकळून मेलेल्या त्या पेशी आपल्या यीस्टला अमिनो आम्लं आणि जीवनसत्त्वं पुरवतात. ते पूर्ण दहा मिनिटं उकळलंच पाहिजे, नाहीतर बेकरीचंच यीस्ट वाढेल.

सामान

दोन लिटरचा बोरोसिलिकेट फ्लास्क (१.२ लिटरच्या स्टार्टरला; सव्वादोन लिटरला याहून मोठा). तो नसेल तर जाड काचेची बरणी चालते, पण तिच्यात उकळतं काही ओतायचं नाही. झाकणाचं स्टीलचं पातेलं, अॅल्युमिनियम फॉइल, थर्मामीटर, हायड्रोमीटर, ग्रॅमचा काटा, ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलची फवारणीची बाटली. स्टर प्लेट विकत न घेता घरी होते: संगणकाचा १२ व्होल्टचा पंखा, त्याच्या मधोमध चिकटवलेले दोन निओडिमियम चुंबक, वेग कमी करायला रेग्युलेटर, वर पातळ अॅक्रिलिकचा तुकडा. फ्लास्कमध्ये २५ ते ४० मिलिमीटरची चुंबकी कांडी. चुंबक पंख्याच्या केंद्रापासून दोन्हीकडे सारख्या अंतरावर नसतील तर कांडी फेकली जाते.

पायऱ्या

वर्ट रविवारी सकाळी तयार होणार असेल तर स्टार्टर बुधवारी संध्याकाळी लावा. दुपारी लावू नका. उन्हाळ्यात संध्याकाळनंतरचे बारा तास हेच सगळ्यांत थंड असतात आणि यीस्टची जोमाची वाढ त्यातच होते.

१. पातेल्यात १.३ लिटर पाणी घ्या (उकळीत थोडं आटतं), गॅस बंद ठेवूनच १२० ग्रॅम एक्स्ट्रॅक्ट घालून गुठळ्या मोडा. वाफेवर एक्स्ट्रॅक्ट सांडलं तर चमच्याला चिकटून दगड होतं. बेकरीचं यीस्ट घाला.

२. मंद गॅसवर १०-१५ मिनिटं उकळा. पहिल्या दोन-तीन मिनिटांत फेस एकदम वर येतो, तेव्हा समोरून हलायचं नाही. चुंबकी कांडी शेवटची पाच मिनिटं याच उकळीत टाका.

३. गॅस बंद, झाकण लावा, आणि पातेलं घमेल्यातल्या पाण्यात ठेवा. गच्चीवरच्या टाकीचं पाणी मे महिन्यात चाळीसच्या आसपास असतं, त्याने थंडावा येत नाही. आधी माठातलं पाणी, ते कोमट झालं की बदलून बर्फ आणि मूठभर मीठ. २० मिनिटांत वर्ट २२ अंशांवर येतं. उघडं ठेवून पंख्याखाली गार करणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक आहे.

४. दरम्यान फ्लास्क, फॉइल आणि यीस्टचं पाकीट बाहेरून अल्कोहोलने फवारून घ्या. कात्रीसुद्धा. अल्कोहोल फवारताना जवळ गॅस पेटता नको. फ्लास्क त्याआधी कुकरमध्ये वाफवून घेतला असेल तर उत्तम.

५. थर्मामीटरने २४ अंशांखाली आहे याची खात्री झाल्यावरच वर्ट फ्लास्कमध्ये ओता आणि यीस्ट घाला. हाताला ‘कोमट’ वाटणारं वर्ट ३७-३८ अंशांचं असतं, पुष्कळशा एल जातींना ते ताणाचं आहे.

६. फ्लास्क जोरात दोन मिनिटं हलवा. पेशींच्या आवरणासाठी लागणारं स्टेरॉल तयार करायला यीस्टला ऑक्सिजन लागतो. म्हणूनच तोंडाला एअरलॉक (वायू फक्त बाहेर सोडणारी झडप) लावायचा नाही, फॉइल सैल बसवायची: हवा जाईल, चिलट जाणार नाही. आंब्याच्या दिवसांत घरात चिलटं असतातच, आणि त्यांच्या पायांना व्हिनेगर करणारे जंतू असतात.

७. स्टर प्लेटचा वेग मध्यभागी छोटी खळी पडेल इतकाच. प्लेट नसेल तर जाता-येता, दर तासाला निदान एकदा हलवा. रात्रीची झोप मोडायची गरज नाही.

२० ते २४ अंश कसे टिकवायचे

तिशीच्या वर यीस्ट वेगाने वाढतं, त्यामुळे बघणाऱ्याला सगळं छान चाललंय असं वाटतं. पण त्याच तापमानात लॅक्टिक जंतूही वेगाने वाढतात, आणि यीस्टच्या पेशी राखीव अन्न लवकर संपवून थकतात. चाळिशीत त्या मरायला लागतात. २० ते २४ हे लक्ष्य ठेवा, २६ पर्यंत चालवून घ्या.

मार्च ते मे हवा कोरडी असते आणि ती आपल्या कामी येते. मोठ्या घमेल्यात पाणी, त्यात फ्लास्क, फ्लास्कभोवती ओलं गोणपाट ज्याची टोकं पाण्यात बुडलेली, आणि हे सगळं कूलरच्या झोतात. दुपारीसुद्धा पाणी खोलीपेक्षा ८-१० अंशांनी खाली राहतं. त्यात सकाळ-संध्याकाळ एकेक लिटरची गोठवलेली पाण्याची बाटली सोडली की पंचविशीच्या आत येतं. जूनच्या मध्यानंतर हवेत दमटपणा आला की गोणपाटाचा उपयोग संपतो, मग बाटल्यांवरच भिस्त.

विजेची स्टर प्लेट घमेल्यात ठेवता येत नाही. तिच्यासाठी थर्माकोलचा मोठा डबा घ्या, तळाला दोन विटा, विटांवर प्लेट, बाजूला फडक्यात गुंडाळलेल्या गोठवलेल्या बाटल्या. थेंब खाली विटांच्या मध्ये पडतात, वायरवर नाही. प्लेटची मोटर स्वतःही स्टार्टरला एक ते तीन अंश तापवते, तेव्हा थर्मामीटर डब्यात नको, फ्लास्कच्या काचेला टेपने चिकटवा. लाईट गेली तर घाबरण्यासारखं काही नाही. दोन-चार तास हाताने हलवत राहा, पेशी थोड्या कमी मिळतील इतकंच. डबा मात्र उगाच उघडा ठेवू नका.

हिवाळ्यात उलटं होतं. परभणीला डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या खाली उतरतो आणि स्टार्टर झोपून जातो. तोच थर्माकोलचा डबा, बाटल्यांत गरम पाणी भरून, वापरावा.

उन्हाळ्यात या सगळ्यातून सुटायचं असेल तर जातच बदला. नॉर्वेच्या शेतघरांत जपलेलं क्वाइक यीस्ट, विशेषतः व्हॉस भागातलं, ३० ते ४० अंशांत निकोप आंबतं आणि संत्र्यासारखा वास देतं. त्याचा स्टार्टर ३०-३५ अंशांना बिनधास्त लावता येतो. एप्रिल ते जून मराठवाड्यात एल करायची असेल तर आमची पहिली शिफारस हीच आहे.

तयार झाला की नाही

१८ ते ३६ तासांत काम होतं. फेस दिसला नाही म्हणून निष्कर्ष काढू नका, स्टर प्लेटवर तो कित्येकदा रात्रीच येऊन ओसरतो. रंग बघा: सुरुवातीचं तपकिरी पारदर्शक वर्ट दुधाळ, फिकट होतं. घनता १.०१० च्या जवळ येते. पीएच पाचाच्या वरून ४.० ते ४.३ वर येतो, ३.८ च्या खाली गेला तर जंतूंचा संशय घ्यावा. वास ताज्या पावाचा, किंचित सफरचंदाचा.

मग फ्लास्क फॉइलसकट फ्रिजच्या खालच्या कप्प्यात मागच्या बाजूला ठेवा, २४ ते ४८ तास. फ्रीझरमध्ये नाही, तिथे पेशी फुटतात. तळाशी मलईसारखा साका बसतो, वर निवळ राहते. वर्ट ओतायच्या दिवशी निवळ हळूच ओतून टाका, साधारण दोन बोटं ठेवा, साका त्यात कालवा आणि मुख्य वर्टच्या तापमानापासून ५-८ अंशांच्या आत येऊ द्या. फ्रिजमधून काढून थेट ३० अंशांच्या वर्टमध्ये टाकलं तर तापमानाच्या धक्क्याने पेशी मंदावतात. गव्हाच्या बिअरच्या काही जाती दोन दिवसांतही खाली बसत नाहीत. त्यांची निवळ काढायच्या नादात निम्मं यीस्ट मोरीत जातं, ते सगळंच ओतावं.

प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर अंदाजावर राहू नका. साका शंभरपट पातळ करा, मिथिलीन ब्लू मिसळा (या रंगाने होणारी पातळीही हिशेबात धरा) आणि न्यूबाउअर चेंबरमध्ये (पेशी मोजायच्या चौकोन आखलेल्या काचेवर) मधल्या २५ चौकोनांपैकी पाच मोजा. निळ्या झालेल्या पेशी मेलेल्या. पाच चौकोनांत जिवंत १८० आल्या, तर १८० × ५ × १०,००० × १०० = मिलिलिटरला ९० कोटी. असा १०० मिलिलिटर साका म्हणजे ९० अब्ज. जिवंत पेशी ८५ टक्क्यांहून कमी असतील तर आणखी एक पायरी द्या.

जुन्या पाकिटातून किंवा स्लँटवरच्या (नळीत तिरप्या गोठवलेल्या पोषक जेलवरच्या) एका वसाहतीतून सुरुवात असेल तर एकदम दोन लिटरवर उडी मारायची नाही. १० मिलिलिटर, मग १००, मग १ लिटर, दर वेळी पाच ते दहापट. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं. एका पेशीपासून टप्प्याटप्प्याने वाढवत नेण्याची ती रीत आजही ब्रुअरींमध्ये चालते. थोड्या पेशी भरपूर वर्टमध्ये पडल्या तर त्या सावकाश वाढतात आणि तेवढ्या वेळात जंतू पुढे जातात.

बिघाड आणि कारणं

चोवीस तासांनंतरही घनता हलली नसेल तर यीस्ट मेलेलं आहे किंवा वर्ट गरम असताना पडलं आहे. आणखी बारा तास थांबा, मग फेकून नवं पाकीट घ्या.

व्हिनेगरचा, आंबट दुधाचा किंवा दवाखान्यातल्या चिकटपट्टीसारखा वास, किंवा वर सुरकुतलेली पांढरी साय म्हणजे संसर्ग. असा स्टार्टर वाचवता येत नाही. लागर यीस्टला सडक्या अंड्यासारखा हलका गंधकी वास येतो, तो मात्र नेहमीचा आहे, बिअर मुरताना उडून जातो.

गुठळ्या दिसल्या की लोक घाबरतात. काही इंग्लिश एल जाती फिरवतानाच दह्याच्या गुठळ्यांसारख्या जमतात, तो त्यांचा गुण आहे. वास चांगला असेल तर वापरा. फेस फ्लास्कबाहेर आला तर भरलं जास्त होतं, ६० टक्क्यांपेक्षा जास्त भरायचं नाही.

साठवण

स्टार्टर गरजेपेक्षा अर्धा लिटर जास्त लावून त्यातला साका उकळून गार केलेल्या छोट्या बरणीत काढून ठेवला तर पुढचं पाकीट वाचतं. झाकण सैल ठेवा, वर त्याचीच निवळ राहू द्या, तारीख आणि जात लिहा. दोन आठवड्यांत थेट वापरता येतो, त्यानंतर पुन्हा स्टार्टर लावावा.

वर्ट आगाऊ करून ठेवायचं असेल तर एक धोका नीट समजून घ्या. नुसतं उकळलेलं वर्ट बरणीत बंद करून बाहेर ठेवलं तर त्यात बोट्युलिझमचा जीवघेणा जंतू वाढू शकतो, कारण वर्टचा पीएच ४.६ च्या वर असतो आणि त्या जंतूचे बीजाणू साध्या उकळीने मरत नाहीत. वास, रंग, काहीच बदललेलं दिसत नाही. असं वर्ट फ्रीझरमध्ये ठेवा, किंवा प्रेशर कुकरमध्ये बरण्यांची झाकणं सैल ठेवून, पहिली शिट्टी झाल्यावर मंद गॅसवर पूर्ण २० मिनिटं निर्जंतुक करा. शिट्ट्या मोजून हे काम होत नाही, घड्याळ लावा. वाफ आपोआप उतरू द्या, कुकर घाईने उघडला तर वर्ट बरणीतून उसळतं. आणि इतकं करूनही ती बरणी फ्रिजमध्येच ठेवा. घरच्या कुकरचा दाब मोजता येत नाही.